आडवी बाटली

"चपला इथंच काढायच्या का रे, निरंजन?" मथुराकाकूंनी तळघराच्या दारात विचारलं.

"नको काकू, राहू द्या. खाली फरशी फार गार आहे."

"देवळातली पण गारच असते," काकू म्हणाल्या आणि चपला काढल्याच.

त्यांनी काढल्या म्हणून मागच्या आम्ही पाचजणींनी काढल्या. दाराशी सहा जोड लागले. निरंजनने त्या जोडांकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे, आणि मुकाट्याने वाकून नाड्या सोडायला लागला. हा मुलगा धंदा करेल, असं मला तिथंच वाटलं.

माणसं अशी पारखायची मला खोडच होती. लग्न होऊन बोरशेतला आले तेव्हापासून गावातल्या प्रत्येकाच्या नावापुढे मनात दोन रकाने आखलेले: बोललं काय आणि केलं काय. सासरे म्हणायचे, तुला तलाठी करायला पाहिजे होतं. तलाठी कुठली होणार, महिला बचत गटाची सचिव झाले. मथुराकाकू अध्यक्ष. त्या बोलायच्या, मी लिहायचे. माझ्या रकान्यांवर तेव्हा माझा फार विश्वास होता.

ही गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची, जानेवारीतली. निरंजन वडजे आमच्याच गावचा. त्याचे वडील खायची द्राक्षं पिकवायचे. हा पुण्याची नोकरी सोडून आला आणि माळावर वाईनचा कारखाना काढून बसला. दोन वर्षांत शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या यायला लागल्या. लोक बाग बघायचे, फोटो काढायचे, आणि दुपार झाली की काच खाली करून विचारायचे, "इथं जेवायला कुठं मिळेल?" आम्ही सांगायचो, नाशिकला. गाड्या भरून यायच्या, उपाशी जायच्या, आणि गावाच्या वाट्याला धूळ. एसटी तर गावापर्यंत येतच नव्हती, फाट्यावरूनच वळायची.

निरंजनच्या डोक्यात वेगळं होतं. कारखान्यात पाहुण्यांना बसून चव घ्यायला एक दालन. त्याच्या शेजारी जेवणघर, ते आमच्या गटाने चालवायचं. आणि गावातल्या आठ घरांमध्ये मुक्कामाला एकेक खोली. यातली एक माझ्या परसातली, जिच्यात तोवर कांदे असायचे. माझा नवरा नाशिकला अंबडच्या कंपनीत होता, रविवारचा घरी यायचा, आणि सोमवारी पहाटे जाताना कांद्यांच्या त्या खोलीकडे पाहून म्हणायचा, "इथंच काही निघालं असतं तर?" मला ते जेवणघर हवं होतं, त्याच्या त्या वाक्यासाठी.

पण या सगळ्याला ग्रामसभेचा ठराव पाहिजे होता. ग्रामसभा सव्वीस जानेवारीला. आणि मथुराकाकूंचा हात वर झाल्याशिवाय गटातल्या एकोणीसजणींपैकी एकीचाही हात वर होणार नव्हता. कारण गावातलं देशी दारूचं दुकान बंद केलं ते मथुराकाकूंनीच.

म्हणून निरंजनने आम्हाला तेवीस तारखेला कारखाना बघायला बोलावलं होतं. तळघराच्या दारापर्यंत तरी सगळं बरं चाललं होतं. स्टीलच्या उंच टाक्या बघून काकू म्हणाल्या, "दूध डेअरीसारखंच आहे की." मग वर एका टेबलापाशी मुंबईची एक बाई उभी होती. तिने ग्लास हलवला, हुंगला, घोट घेतला, गालात खुळखुळवला आणि शेजारच्या भांड्यात थुंकून टाकला.

"नासलंय का रे?" काकूंनी हळूच विचारलं.

"नाही काकू. चव घेऊन थुंकतात. पुढचीही चव नीट कळायला हवी ना."

"सगळेच थुंकतात?"

"जाणकार असतात ते."

"मग आपल्या दुकानात वीस वर्षांत एकही जाणकार आला नाही म्हणायचा."

निरंजन खो खो हसला. आम्हीही हसलो. काकू हसल्या म्हणजे निम्मं काम झालं, असं मी मनात लिहून टाकलं.

आणि मग आम्ही तळघरात उतरलो.

खाली खरंच गार होतं. लाकडी पिंपं रांगेने, आणि भिंतीला लागून जमिनीपासून छतापर्यंत खण. प्रत्येक खणात बाटल्या, एकूण एक आडव्या. बुडं आत, तोंडं आमच्याकडे.

काकू थांबल्या. त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग डावीकडून उजवीकडे.

"ह्या सगळ्या आडव्या का?"

"बुचासाठी, काकू. आडवी ठेवली की आतली वाईन बुचाला लागून राहते, बूच ओलं राहतं. उभी ठेवली तर बूच वाळतं, आक्रसतं, हवा शिरते. वर्षानुवर्षं उभी राहिली की आतलं सगळं बिघडतं. बाहेरून मात्र काही कळत नाही. बाटली दिसते छान."

"बाहेरून कळत नाही," काकू म्हणाल्या.

"अजिबात नाही. उघडल्यावरच."

काकूंनी हात पुढे करून एका बाटलीच्या तोंडावर बोट ठेवलं. मग वळल्या, पायऱ्या चढल्या, आणि दाराशी चपलांचे सहा जोड तसेच ठेवून अनवाणी बाहेर चालत्या झाल्या.

"झालं," आमच्यातली लता गामणे म्हणाली. "गेलं जेवणघर."

"मी काय चुकीचं बोललो का?" निरंजनचा चेहरा उतरला होता.

"तू नाही बोललास," मी म्हटलं. "बाटल्या बोलल्या."

बोरशेतमध्ये 'आडवी बाटली' हे शब्द कोणी सहज उच्चारत नाही. दारूचं दुकान बंद करायचं तर गावातल्या बायकांचं मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या छापलेल्या असतात, एक उभी आणि एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू द्या, आडवीवर म्हणजे बंद करा. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. आलेल्या बायकांच्या निम्म्या नाहीत, यादीतल्या निम्म्या. माहेरी गेलेली, अंथरुणाला खिळलेली, सगळ्या धरून.

पहिलं मतदान झालं ते त्या जानेवारीच्या अकरा वर्षं आधी, तेव्हा मी नवी नवरी होते. मथुराकाकू आठ दिवस घरोघर फिरत होत्या. त्यांचे यजमान मोतीरामकाका थेंबालाही न शिवणारे, पण दुकान शाळेच्या वाटेवर होतं, आणि पोरींना तिथून जाताना पदराने तोंड झाकावं लागतं याचा काकूंना संताप होता. 'उभी बाटली आडवी करा!' ही घोषणा त्यांचीच. यादीत चारशे बारा बायका. दोनशे सात मतं हवी होती. मोजणी झाली, आडवीला निघाली दोनशे सहा, उभीला एक. बाकीच्या मतदानाला आल्याच नव्हत्या.

एक कमी.

दीड वर्षाने पुन्हा मतदान झालं, तेव्हा दुकान बंद झालं. पण ते दीड वर्ष आणि पुढची सगळी वर्षं गावात एकच प्रश्न राहिला, ते एक मत कोणाचं? आणि गावाने उत्तरही ठरवून टाकलं होतं. द्वारकाबाई पिंगळ. कारण दुकानाच्या गल्ल्यावर बसायचा तो दामू तिचा सख्खा भाऊ. कोणी तोंडावर काही बोललं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. फक्त संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्या दारावरून पुढं जायला लागलं.

मी काकूंच्या चपला हातात घेऊन बागेच्या कडेने पळत सुटले. त्या भरभर चालल्या होत्या. द्राक्षांची तोडणी चालू होती, बायका क्रेट भरता भरता वर बघत होत्या.

"काकू, चपला!"

त्या थांबल्या. पायात घातल्या. तळव्याला काटा लागला होता, तो काढला. मग म्हणाल्या, "मंदे, द्वारका या वेळेला घरी असेल का गं?"

तळघरातल्या बाटल्या बघून जुनं सगळं उसळलं असणार. आता ही बाई अकरा वर्षांचं भांडण आजच काढणार, आणि तीन दिवसांवर ग्रामसभा.

"काकू, आज कशाला? जाऊ द्या ना. झालं गेलं."

"घरी असेल का, एवढं सांग."

"असेल. पिंपळगावच्या लग्नाचे मांडे आहेत तिच्याकडे."

आम्ही चालायला लागलो. चालता चालता मला एक जुनी गोष्ट आठवली. माझ्या रकान्यांत द्वारकाबाई आणि मथुराकाकू यांचं गणित कधी जुळत नव्हतं. सगळं गाव द्वारकाबाईला नावं ठेवायचं, पण काकूंच्या तोंडून मी तिच्याविषयी एकही वाईट शब्द ऐकला नव्हता. द्वारकाबाई समोरून आली की काकू गल्ली बदलायच्या. गाव म्हणायचं, बघा किती राग आहे. मीही तसंच लिहून ठेवलं होतं. पण गल्ली बदलताना काकूंची मान खाली असायची. रागावलेल्या माणसाची मान खाली नसते, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

द्वारकाबाईंच्या अंगणात चूल धडाडून पेटलेली होती. चुलीवर पालथं घातलेलं मोठं खापर. द्वारकाबाई दोन्ही हातांवर मांडा घेऊन उभ्या होत्या. ज्यांनी मांडे होताना पाहिले नाहीत त्यांना सांगायला हवं, पुरण भरलेला गोळा हातावर घेऊन, फिरवत, झुलवत, कोपरापर्यंत ताणून इतका मोठा करायचा की पलीकडचं ऊन दिसावं. अख्ख्या तालुक्यात तसे मांडे करणाऱ्या तीन-चार बायका. त्यातली एक आमच्या गावात, आणि आमच्या गटात नव्हती.

आम्हाला दारात बघून त्यांचे हात एक क्षण थांबले. मग पुन्हा फिरायला लागले.

"या," त्या म्हणाल्या. अकरा वर्षांत काकूंना म्हटलेला पहिला शब्द. "हात गुंतलेत माझे. बसा."

काकू बसल्या नाहीत.

"द्वारका, पहिल्या मतदानात एक मत कमी पडलं होतं."

"मला सांगता?" द्वारकाबाई मांडा झुलवत म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली, मीच ते मत आहे."

"ते माझं होतं."

मांडा फिरायचा थांबला. पण फाटला नाही, हे मी मुद्दाम सांगते.

"काय म्हणालात?"

"सकाळपासून घोषणा देत होते," काकू म्हणाल्या. आवाज अगदी सपाट, गटाचा हिशोब वाचून दाखवतात तसा. "उभी बाटली आडवी करा, उभी बाटली आडवी करा. घसा बसला होता. आत गेले, कागद उघडला. समोर उभी बाटली दिसली. तोंडात घोषणा तीच. म्हटलं, आता करते तुला आडवी. आणि ठोकला शिक्का तिच्याच डोक्यावर. विंचू ठेचावा तसा."

"अगं बाई," मी म्हटलं.

"घडी घातल्यावर लक्षात आलं. दुसरा कागद देईनात. आठ दिवस दारोदार शिकवणारी मी, आणि मीच."

द्वारकाबाईंनी मांडा खापरावर अलगद टाकला. हात पदराला पुसले. "मोजणी झाली तेव्हा का नाही बोललात?"

"बोलणारच होते. रात्रभर वाक्य जुळवलं. सकाळी बाहेर पडले तर तुझं नाव निघालेलं. नळावर निघालं म्हणे. कोणी काढलं देव जाणे. मला वाटलं, दोन दिवसांत विरेल. विरलं नाही. मग जेवढा उशीर झाला तेवढं जड झालं. दुसऱ्यांदा जिंकलो तेव्हा माझ्या गळ्यात हार घातला गावाने. हार घातल्यावर तर…"

खापरावरचा मांडा फुगायला लागला होता. आणि आता बोलायची पाळी कोणाची ते मला ठाऊक होतं.

"नळावर मी बोलले होते," मी म्हटलं.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

खरंच मी बोलले होते. मतदानाच्या दिवशी शाळेसमोरच्या कडुलिंबाखाली बसून मी बघत होते, कोण आत किती वेळ राहतं. कोणी सांगितलं नव्हतं, आपली खोड. बायका आत जायच्या आणि नाक शिंकरायला लागतो तेवढ्या वेळात बाहेर यायच्या. द्वारकाबाई गेल्या त्या येईचनात. दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्या जणी हळहळत होत्या आणि मला, नव्या नवरीला, हुशार दिसायचं होतं. मी म्हटलं, "द्वारकाबाई आत बराच वेळ होत्या हां." एवढंच. पुढचं गावाने लिहिलं.

"एवढंच बोलले होते," मी म्हटलं. "शपथ."

"एवढंच पुरतं," द्वारकाबाई म्हणाल्या.

"पण तुम्ही इतका वेळ आत करत काय होता?"

द्वारकाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं हा प्रश्न त्यांना एकीनेही विचारला नव्हता, हे त्यांच्या नजरेतूनच मला कळलं.

"फुंकर घालत होते."

"कशावर?"

"कागदावर. शिक्क्याला शाई फार लागली होती. ओल्याची घडी घातली असती तर पलीकडच्या बाटलीवर उमटली असती. दोन्हीवर शिक्का दिसला की मत बाद करतात, हे यांनीच शिकवलं होतं." त्यांनी काकूंकडे बोट दाखवलं. "म्हणून उभी राहून फुंकत होते. चांगली सुकेपर्यंत. माझ्या सख्ख्या भावाचं दुकान होतं ते. म्हटलं, भावाविरुद्ध मत द्यायचंच आहे तर वाया तरी जायला नको."

मग वास आला.

"मांडा!" मी ओरडले.

तो काळा झाला होता. द्वारकाबाईंच्या हातचा करपलेला मांडा गावात त्यापूर्वी कोणी पाहिला नाही, नंतरही नाही. त्यांनी तो सराट्याने काढून बाजूला टाकला आणि एकदम हसायला लागल्या. "दोनशे सातवं मत फुंकून फुंकून वाळवत होते मी," त्या म्हणाल्या, "आणि ह्या बाईने दोनशे सहावरच थांबवलं!" हसता हसता डोळ्यांना पदर लावला तो बराच वेळ काढला नाही. काकू चुलीपाशी खाली बसल्या. त्यांनी पाय धरायला हात पुढे केला तर द्वारकाबाईंनी हातावर चापट मारली. "वयाने मोठ्या आहात. नसते चाळे करू नका."

"मग काय करू ते तूच सांग."

"इथं खापरापाशी सांगून काय उपयोग? खापर कोणाला सांगणार आहे? गावासमोर माझं नाव निघालं. गावासमोरच परत करा."

"ग्रामसभेत?"

"ग्रामसभेत."

माझ्यातली सचिव जागी झाली. "अहो पण द्वारकाबाई, सव्वीसला जेवणघराचा ठराव आहे. सगळं काकूंच्या शब्दावर चाललंय. रामनाथ बोरस्ते तो पाडायला टपूनच बसलाय. काकूंनीच सांगितलं की मी चुकीचा शिक्का मारला, तर कोण ऐकणार त्यांचं? ठराव होऊ द्या. मग पुढच्या ग्रामसभेत, एक मेला…"

"मंदे," काकू म्हणाल्या, "म्हणजे आणखी एकदा थांबू?"

मी काकूंच्या मागोमाग अंगणाबाहेर पडले.

वाटेत परतताना मी विचारलं, "काकू, आजच का? अकरा वर्षं नाही आणि आज?"

"त्या बाटल्या बघितल्या नाहीस? खणात रांगेने. मला वाटलं, सगळ्या बायकांची मतं कोणी मांडून ठेवलीत. सगळ्या आडव्या. मी त्यात माझं शोधत होते." थोडं चालून त्या म्हणाल्या, "आणि तो पोरगा म्हणतो, उभी राहिली की आत बिघडतं, बाहेरून कळत नाही. वडज्यांचा पोरगा. त्याला कोणी सांगितलं?"

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात तिथंच ग्रामसभा बसली. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, निरंजन मधल्या खांबाला टेकून. सरपंच पुंजाजी गायकवाडांनी ठराव वाचायला लावला. वाचून होतो न होतो तोच रामनाथ बोरस्ते उठले. दारूचं दुकान चालू असताना हे रोज संध्याकाळी तिथं तब्येतीची चौकशी करायला जायचे.

"मला एवढंच विचारायचंय," ते म्हणाले, "गरिबाची बाटली बंद केली ती ह्याच बायकांनी ना? आणि आता मोठ्यांच्या बाटलीशेजारी ह्याच भाकऱ्या थापणार?"

पुरुषांच्या बाजूला हशा झाला. खरं सांगायचं तर प्रश्न बिनतोड होता.

मथुराकाकू उठल्या. "रामनाथभाऊ, तुमच्या प्रश्नाला येते. आधी एक जुनी बाकी आहे, ती देते."

आणि त्यांनी सांगितलं. द्वारकाबाईंच्या अंगणात सांगितलं तसंच, त्याच सपाट आवाजात. घोषणा, घसा, शिक्का, घडी. शेवटी म्हणाल्या, "ते एक मत माझं. द्वारका पिंगळचं मत आडवीला होतं. अकरा वर्षं तिने माझं ओझं वाहिलं. मी बघत राहिले."

झेंड्याची दोरी खांबावर आपटत राहिली.

मग मी उठले. "आणि तिचं नाव नळावर मी काढलं," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की सरपंच म्हणाले, "मोठ्याने बोला, मंदाताई, मागे ऐकू येत नाही." त्यामुळे मला ते दोनदा सांगावं लागलं.

बायकांच्या बाजूने पहिल्यांदा लता गामणेला कंठ फुटला. "काकू, तुम्ही? अहो माझ्या घरी तीनदा आला होता शिकवायला! जमिनीवर कोळशाने काढून दाखवलं होतं!"

"तुला बरोबर शिकवलं ना?"

"हो!"

"मग झालं तर. शिकवण्यात चूक नव्हती."

आता हसू फुटलं. आधी बायकांत, मग सगळीकडे. रामनाथभाऊंनाही हसू आवरलं नाही, पण ते हार मानणारे नव्हते. "मग काकू, आज तुमचा हात बरोबर ठिकाणी वर होईल कशावरून?"

"म्हणूनच हाताआधी तोंडाने सांगते, म्हणजे घोटाळा नको." काकूंनी पदर खोचला. "दुकान बंद केलं ते आपली माणसं तिथं पडायची म्हणून. आता येणारे पाहुणे आहेत. ते चव घेणार, ती निरंजनच्या दालनात. जेवणघरात बाटली येणार नाही, उभी नाही, आडवी नाही. गावातल्या कोणाला त्या दालनात ग्लास मिळणार नाही. निरंजन, कबूल?"

"कबूल, काकू."

"रामनाथभाऊ, तुम्हालाही नाही."

"मी कुठं मागितला?"

"मागाल. आणि शेवटचं. जेवणघरात मांडे द्वारका करेल. ती नसेल तर मीही नाही."

सगळ्यांच्या माना वळल्या. द्वारकाबाई बायकांच्या मागच्या रांगेत, भिंतीला टेकून बसल्या होत्या. अकरा वर्षं तीच त्यांची जागा होती. त्यांनी घाई केली नाही. सगळं गाव आपल्याकडे बघतंय याचा पुरेपूर हिशोब वसूल केला, आणि मग म्हणाल्या, "खापर मी माझं आणीन. दुसऱ्याच्या खापरावर मला जमत नाही."

काकूंचा हात वर झाला. मग गटातल्या एकेकीचे, मग त्यांच्या मागचे. मी सवयीने मोजत होते आणि मध्येच मोजणं सोडून दिलं, कारण मला माझाही हात वर करायचा होता.

ग्रामसेवकांनी वही पुढे केली. काकूंनी सही केली. त्या वेळी त्यांच्याकडे मोतीरामकाकांचं जुनं शाईचं पेन असायचं, ओघळणारं. ग्रामसेवक पान उलटणार एवढ्यात मागून हात आला. द्वारकाबाईंनी वही स्वतःकडे ओढली, वाकल्या आणि ओल्या सहीवर सावकाश फुंकर घातली.

आज आमच्याकडे एसटी थेट गावात येते, पाटीवर बोरशेत लिहून. खोल्या आठाच्या सतरा झाल्या. त्यातली सगळ्यात चांगली न्हाणी रामनाथभाऊंच्या घरची, आणि सुट्टीत आधी त्यांचीच खोली भरते. पाहुण्यांना ते स्वतः दालनाच्या दारापर्यंत सोडतात आणि दारातून परत फिरतात. नाशिकला नोकरीला गेलेल्या आमच्या तीन मुली परत आल्या, बाग दाखवतात, इंग्रजीत सांगतात. माझ्या नवऱ्याने कंपनी सोडली. तो कांद्यांच्या खोलीतल्या पाहुण्यांना सकाळी चहा देतो आणि चहा कसा झाला ते तीनदा विचारतो.

जेवणघराचं नाव 'आडवी बाटली'. पाहुण्यांना वाटतं, ते तळघरातल्या बाटल्यांवरून ठेवलंय. आम्ही त्यांचा तो समज मोडत नाही.

दाराशी पाहुण्यांची नोंदवही असते. ती द्वारकाबाई सांभाळतात, मला त्यांनी हात लावू दिलेला नाही. कोणी अभिप्राय लिहिला, सही केली की त्या वही उचलतात आणि फुंकर घालतात. परवा पुण्याची एक मुलगी हसून म्हणाली, "मावशी, बॉलपेन आहे ते. लगेच वाळतं."

चुलीपाशी बसलेल्या मथुराकाकूंनी मान वर केली नाही. आता त्यांना कमी ऐकू येतं, पण हे ऐकू आलं.

"तुमचं वाळत असेल, बाई," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं अकरा वर्षं लागली."